जरा सैल सोडा

पुण्यात भरलेले पैसे वाया जाऊ देणं हे पाप मानलं जातं. माझ्या सगळ्या फजितीचं मूळ त्या एका संस्कारात आहे.

झालं असं, की नवऱ्यानं आम्हा दोघांसाठी 'चाळिशीनंतरची संपूर्ण आरोग्य तपासणी' असं एक पॅकेज घेतलं. दिवाळीची सवलत होती. मी रक्त दिलं, ईसीजी काढून घेतला, ट्रेडमिलवर धावले, दातांच्या डॉक्टरांपुढे आ केला. मग फायली घरी आल्या. माझ्या फायलीत 'ड' जीवनसत्त्व सोडलं तर सगळं ठीक होतं, फक्त एका रकान्यात आडवी रेघ होती. पॅप स्मिअर, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'रुग्णाने नकार दिला'.

नवरा हिशेबातला माणूस. लोकांचे ताळेबंद जुळवण्यात जन्म गेलेला. रिकामा रकाना त्याला बघवत नाही.

"ही का राहिली?"

"मी नको म्हटलं."

"अगं, पण पैसे भरलेत!"

त्यानं तिथल्या तिथे फोन लावला. यादीतल्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे ती नंतरही करून घेता येते, असं कळलं. आणि यादीतल्या एक डॉक्टर आमच्या कर्वेनगरातच, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर निघाल्या. म्हणजे लांब पडतं ही सबबही गेली.

आता थोडं माझ्याविषयी. मी शाळेत इतिहास शिकवते. नववीच्या वर्गाला शेवटच्या तासाला इतिहास शिकवणारी बाई भित्री असूच शकत नाही. सोसायटीच्या सभेत टँकरच्या बिलावरून मी अध्यक्षांना पाणी पाजलेलं आहे. भूल न घेता दाढ भरून घेतली आहे. पण 'आतून तपासू या' एवढं कानावर पडलं, की माझे दोन्ही गुडघे आपोआप एकमेकांना येऊन भिडतात आणि मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

याला कारण आहे. लग्नानंतरच्या वर्षातच एका दवाखान्यात गेले होते. कुठल्या ते सांगत नाही, ती इमारतही आता पाडली. पडदा अर्धा ओढलेला. डॉक्टर माझ्याशी काहीच बोलत नव्हते, सिस्टरशी मात्र कुणाच्या तरी बदलीबद्दल बोलत होते. मग काही न सांगता एकदम काहीतरी थंडगार आणि त्यापाठोपाठ अशी कळ, की मी ओरडले. "लग्न झालंय ना? मग एवढं काय त्यात?" डॉक्टर म्हणाले. "सैल सोडा. सैल सोडा म्हणतोय ना!" मी उताणी, टाचा रोवून मागे सरकत गेले ते डोकं भिंतीवर आपटेपर्यंत. पाय लागून ट्रे खाली पडला. त्या स्टीलच्या ट्रेचा आवाज आजही आमच्या स्वयंपाकघरात ताट पडलं की मला ऐकू येतो. ट्रे उचलणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आत्ताच असं, तर बाळंतपणात काय करशील गं?" पुढे सिझेरियन झालं, म्हणून मावशींना उत्तर द्यायचं राहिलं.

तेव्हापासून मी ती वाटच टाळली. मुलगी वयात आली तेव्हा तिला मात्र त्याच कॅन्सरवरची एचपीव्हीची लस लगेच देऊन आणली. आपल्या हडपसरच्या सीरमची, २०२३ मध्ये बाजारात आलेली. दुसऱ्याच्या दंडात सुई टोचायची असली की माझं धैर्य वाखाणण्यासारखं असतं.

आणि हे सगळं कुठं, तर कर्वेनगरात! आमचा भाग म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी काढलेला आश्रम १९०० साली गावातून इथल्या माळावर, एका झोपडीत आणला आणि स्वतः इथून रोज चालत फर्ग्युसनला गणित शिकवायला जात राहिले. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव तर आणखी पुढचे. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, लोकांनी जे प्रश्न चारचौघांत कधी विचारले नसते त्यांची उत्तरं छापली, आणि त्यापायी अश्लीलतेच्या खटल्यांत कोर्टाच्या पायऱ्या चढले. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला खुद्द बाबासाहेब आंबेडकर उभे होते. खटला हरले, मासिक थांबलं नाही. हे मी वर्गात आवाज चढवून सांगते. आणि तीच मी, त्याच कर्व्यांच्या नावाच्या वस्तीत, बेडरूमचं दार लावून दवाखान्याच्या रिसेप्शनिस्टला फोनवर कुजबुजत होते :

"ते… बायकांचं जे असतं ना… ते करायचंय."

"डिलिव्हरी का?"

"नाही हो. ते… खालचं."

"मूळव्याधीचे सर शेजारच्या दवाखान्यात बसतात, मॅडम."

शेवटी एकदाची वेळ मिळाली. ठरलेल्या दिवशी सकाळी माझ्या पोटात गोळा आला आणि मी फोन करून सांगितलं, की पाळी आली. ही सबब फार गुणी आहे. तिची उलटतपासणी होत नाही, पुरावा मागितला जात नाही, समोरची बाई उलट सहानुभूतीनं 'हो का, मग पुढची वेळ देते' म्हणते. पुढच्या वेळीही पाळी आली. त्याच्या पुढच्या वेळीही. अपॉइंटमेंट आणि माझी पाळी यांची गाठ जणू ब्रह्मदेवानं बांधली होती.

मला जे ठाऊक नव्हतं ते हे, की ती रिसेप्शनवरची मुलगी रजिस्टर फार टापटिपीनं ठेवायची. एके दुपारी तिचाच फोन आला.

"मॅडम, तुमच्या तारखा मी डॉक्टरांना दाखवल्या. तुम्हाला दर आठ-दहा दिवसांनी पाळी येतेय. मॅडम म्हणाल्या, या वयात हे अंगावर काढायचं नाही. आतून सोनोग्राफी करावी लागेल. गरज पडली तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवू. उद्याच या."

एका इवल्याशा ब्रशाला टाळायला गेले आणि मागे अख्खं मशीन लावून घेतलं.

शहाण्या माणसानं त्याच फोनवर खरं सांगितलं असतं. मी रात्रभर जागून एक योजना आखली. गरोदरपणातल्या सोनोग्राफीवरून मला एवढं आठवत होतं, की पोटावरून करायची असेल तर लघवीची पिशवी भरलेली लागते. मग आपण भरूनच जावं. इतकी तयारी करून आलेल्या बाईला 'नको, आतूनच' असं कोण म्हणेल? सकाळी मी बाटल्यांवर बाटल्या पाणी प्यायले आणि डुलत डुलत दवाखान्यात पोचले.

डॉक्टर बाळंतपणात अडकल्या होत्या. लग्नसराई होती. राजाराम पुलाकडच्या लॉन्सवरची एक वरात वाट चुकून आमच्या गल्लीशी येऊन उभी राहिली होती आणि बँडवाल्यांना घाई नव्हती. ढोलाचा प्रत्येक ठोका मला नको तिथे जाणवत होता. समोरच्या भिंतीवर स्त्रीच्या ओटीपोटाचा उभा छेद दाखवणारं चित्र. त्यातली लघवीची पिशवी रिकामी, निवांत पसरलेली. मला तिचा हेवा वाटला.

"मॅडम, लघवी करून या," रिसेप्शनिस्ट म्हणाली. "आतून सोनोग्राफीला रिकामं पोट, म्हणजे ती पिशवी रिकामी लागते."

"माझी पोटावरून आहे."

"फायलीवर आतून लिहिलंय."

"ते बदलेल," मी दात आवळून म्हणाले आणि पायावर पाय टाकून बसले. शेजारच्या सातवा महिना लागलेल्या पोरीनं चालू असलेला पंखा माझ्यासाठी आणखी जोरात लावून दिला. तिला वाटलं असावं, माझेही दिवस भरत आलेत.

अखेर दार उघडलं. मी आत शिरले ती खुर्चीत बसलेच नाही. उभ्या उभ्या एका दमात बोलून टाकलं : "डॉक्टर, माझी पाळी महिन्याच्या महिन्याला येते, मी खोटं बोलले, मला भीती वाटते, बाथरूम कुठंय?"

थोर माणसं तत्त्वांसाठी सत्य सांगतात. माझ्या बाबतीत कारण पूर्णपणे जलदाबाचं होतं.

मी हलकी होऊन परत आले तेव्हा डॉक्टरांनी फायलीवरचं 'अनियमित रक्तस्राव' खोडलं होतं आणि तिथे दुसरं काही लिहीत होत्या. शिक्षकांना समोरच्याचं उलटं अक्षर वाचायची सवय असते. 'तपासणीची भीती. पूर्वी वेदना.' एवढंच. मला वाटलं होतं त्या हसतील किंवा झापतील. त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा कुठे दुखलं होतं? तोंडाशी, का आत?"

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. मी स्वतःलासुद्धा विचारला नव्हता. मी विचार करून सांगितलं, तोंडाशीच.

"आज टेबलावर जायचंच नाही," त्या म्हणाल्या. "आज फक्त बोलू." आणि त्यांनी खणातून ते आतून तपासायचं हत्यार, स्पेक्युलम, काढून माझ्या हातात दिलं.

इथे माझा एक रोग सांगायला हवा. मी घाबरले की मला सनावळी सुटते. आदल्या रात्री जागून जे जे वाचलं होतं ते सगळं बाहेर पडायला लागलं. "हे कस्कोचं ना? फ्रेंच. १८७०." डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. पण मी कुठली थांबते! याच्या आधीचं ते सिम्सचं. मॅरियन सिम्स, अमेरिकेतल्या अलाबामात, १८४० च्या दशकात. त्यानं पहिल्यांदा एका चमच्याचा दांडा वाकवून काम भागवलं. आणि ज्यांच्यावर तो वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया करून हात साफ करत होता त्या गुलाम बायका होत्या. अनार्का, लूसी, बेट्सी, एवढी तीनच नावं मागे उरली आहेत. भूल नाही. एकट्या अनार्काच्या वाट्याला तीसच्या आसपास शस्त्रक्रिया. त्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये होता, तो २०१८ मध्ये हलवला. हे सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत झाला होता, आणि हातातलं ते दुपाखी हत्यार मी छडीसारखं हलवत होते.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "बरं, आता तो स्क्रू फिरवून बघा. किती उघडतं ते तुम्हीच ठरवा."

फिरवला. आवाज येतो त्याचा, कट्‌ कट्‌. तो आवाज मी आधी ऐकला होता, पण डोळे घट्ट मिटून. कशाचा ते आज पाहिलं. शिवाय त्याला मापं असतात हेही तेव्हाच कळलं. सगळ्यात लहान माप बोटाहून फार मोठं नव्हतं. आम्ही चपला घ्यायला गेलो तर आधी माप विचारतात.

"काही व्यायाम करता का?" डॉक्टरांनी विचारलं.

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. "केगेल!" मी अभिमानानं म्हणाले. "अरनॉल्ड केगेल, १९४८." ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे आणि सोडायचे, हे कुठंतरी वाचल्यापासून मी निष्ठेनं करत होते. कर्वे पुतळ्यापासून नळ स्टॉपपर्यंत दर सिग्नलला, स्कूटरवर बसल्या बसल्या. आवळायचं मी एकदाही चुकवलं नव्हतं. सोडायचं कधीकधी राहायचं, सिग्नल सुटायचा ना.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उद्यापासून बंद."

तर प्रकार असा होता. ज्यांचे हे स्नायू ढिले पडलेत त्यांच्यासाठी तो व्यायाम. माझे मुळातच सतत आवळलेले. डोळ्यात कचरा जाणार असं दिसलं की पापणी जशी आपल्याला न विचारता मिटते, तसे ते मिटतात. मी मनातून कितीही 'सैल सोडा' म्हटलं तरी ते मनाचं ऐकत नाहीत. आवळले की दुखतं, दुखलं की पुढच्या वेळी आणखी आधीपासून आवळतात. आणि मी त्यांना महिनोन्‌महिने कर्वे रस्त्यावर तालमीला पाठवत होते. या दुखण्याला व्हजायनिस्मस म्हणतात, त्यावर उपाय आहे, आणि ते नाटक नव्हे, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुखण्याला इतरही कारणं असतात, कोरडेपणा, जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस. म्हणून 'तुमच्या मनाचे खेळ' म्हणून कुणी वाटेला लावलं तर त्या डॉक्टरकडे परत जाऊ नका, असंही. व्हजायनिस्मस हे नाव कुणी दिलं ते मी घरी जाऊन पाहिलं. सिम्सनंच. हा माणूस पाठ सोडायला तयार नाही.

मला कोथरूडमधल्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्यात आलं. तिनं मला झोपवलं आणि म्हणाली, "जबडा सोडा, ताई." मला वाटलं, चुकीच्या खोलीत आले. पण जबडा आवळलेला असला की खालचंही आवळलेलं राहतं, हे तिनं मला हात लावून दाखवलं. मग पायाची बोटं. मग मुठी. मग भुवया. मी माझ्याच शरीरात कुठंकुठं पहारे बसवले होते ते एकेक करून उठवण्यात तिचा तास गेला. श्वास पोटात घ्यायचा आणि तो घेताना खाली काहीतरी किंचित पसरतंय असं जाणवू द्यायचं. काहीच न करण्याचा हा व्यायाम मला जितका जड गेला तितकं दुसरं काही गेलेलं नाही. पुण्याच्या बाईला रिकामं पडून राहायचे पैसे द्यावे लागले.

सल्ल्यांचीही रेलचेल होती. शाळेतली एक मैत्रीण म्हणाली, ओम् म्हण. दुसरी म्हणाली, उलटे पाढे म्हण. नवरा म्हणाला, त्या वेळी भीमाशंकरचं जंगल डोळ्यापुढे आण. हा माणूस स्वतः बीपी मोजताना मान फिरवून घेतो.

त्याला मी एकदा रात्री उठवून पापानिकोलाऊची गोष्ट सांगितली. पॅप म्हणजे तेच, जॉर्ज पापानिकोलाऊ, ग्रीसमधून अमेरिकेत गेलेला डॉक्टर. १९२८ मध्ये त्यानं हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४३ मध्ये पुस्तक आलं तेव्हा जग वळलं. आणि या सगळ्या काळात त्याची बायको मेरी वर्षानुवर्षं त्याच्या प्रयोगांसाठी नमुने देत होती. "याला म्हणतात संसार," मी म्हटलं.

"कुणाचा? त्याचा का तिचा?" एवढं विचारून तो कुशीवर वळला आणि घोरायला लागला. कधीकधी तो नेमकं बोलतो.

पुढचा भाग लिहावा की नाही, यावर मी बराच विचार केला. सासूबाईंनी परवानगी दिली म्हणून लिहिते.

फिजिओथेरपिस्टनं डायलेटर मागवायला सांगितले होते. घरच्या घरी, आपल्या हातानं, लहानापासून मोठ्यापर्यंत सावकाश सवय करायचे लांबट तुकडे. मी ते ऑनलाइन मागवले, खोक्यावर काही लिहिलेलं नसेल याची खात्री करून. काही लिहिलेलं नव्हतं, हाच घात झाला. मी शाळेत असताना पार्सल आलं आणि सासूबाईंनी ते उघडलं. घरी येऊन बघते तो जेवणाच्या टेबलावर पाची तुकडे स्वच्छ धुऊन, पुसून, उंचीनुसार ओळीनं मांडलेले. शेजारी आटवलेल्या दुधाचं पातेलं.

"छान आहेत गं कुल्फीचे साचे," सासूबाई म्हणाल्या. "पण यात दूध ओतायचं कुठून?"

माझ्या डोक्यात त्या क्षणी एकही सन आला नाही.

थाप मारायला वाव होता. पण थापांचा ताजा अनुभव होता. मी पातेलं बाजूला केलं, समोर बसले आणि सगळं सांगितलं. तो पहिला दवाखाना, ट्रे, पाळीच्या सबबी, भरलेली पिशवी. सासूबाई ऐकत होत्या. मधेच त्यांनी उठून तो पाच तुकड्यांचा संच नॅपकिननं झाकला, देव झाकावेत तसा. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"माझं अंग बाहेर येतंय गं," त्या म्हणाल्या. "धाकट्याच्या वेळेपासून थोडं होतंच. आता दहा-बारा वर्षं जास्त आहे."

मी गप्प. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या वनदेवीच्या देवळात चालत यायचं टाळतात, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी स्वतः दर रविवारी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत होते, आणि त्या चोळून घेत होत्या.

"कुणाला दाखवलं नाहीत?"

"काय दाखवायचं? आतून बघत्यात." पन्नास वर्षं पुण्यात काढलेल्या बाईची भाषा एकदम माहेरी गेली. "माझ्या थोरल्या बहिणीच्या गावाला, उस्मानाबादकडं, बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्याचे लोक आलते. गावातल्या बाया तपासल्या त्यांनी. ती गेली. मला म्हणली, तू पुण्याची, तुझं तर कवाच झालं असंल. मी म्हटलं, झालंय की."

म्हणजे घरात थापा मारणारी मी एकटी नव्हते. पण या मावससासूबाईंनी काय केलं होतं ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नसेल, म्हणून मी सासूबाईंना सांगितलं (सनावळी परतली होती). १९९९ ते २००३ या काळात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका एका मोठ्या अभ्यासात होत्या. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय यांचं ते काम. काही गावांत पॅप, काही गावांत व्हिनेगरमधल्या आम्लानं गर्भपिशवीचं तोंड पुसून बघायची पद्धत, काही गावांत एचपीव्हीची चाचणी. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. साऱ्या जगात आज या चाचणीची शिफारस होते, त्यामागे बार्शीकडच्या बायकांचा मोठा हात आहे.

"अक्काचा?" सासूबाई म्हणाल्या. "तिला सांगू नको. आधीच चढून असते."

आमचं ठरलं, की आधी मी. मग त्या.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी एकच नियम सांगितला. "तुम्ही 'थांबा' म्हणाल तिथे मी थांबेन. का, ते विचारणार नाही." अशा आश्वासनांवर माझा विश्वास नसतो. मी पारखून घेतलं. त्या हात धूत होत्या. "थांबा!" त्या थांबल्या, नळ चालू. मग एक हातमोजा चढवला. "थांबा!" दुसरा हात हवेत तसाच. दिवा माझ्याकडे वळवायला गेल्या. "थांबा!" थांबल्या. माझ्या आयुष्यात मी म्हटल्याबरोबर कुणी असं थांबलेलं नाही. नववीचा वर्ग नाही, मुलगी नाही, रिक्षावाले तर नाहीतच. मला त्या सत्तेची चटक लागली. पाय अडकवायचे लोखंडी आकडे नकोत म्हटलं, काढले. तळवे जुळवून गुडघे आपोआप पडतील तिथे पडू दिले. अंगावर चादर. हवं तर डाव्या कुशीवरही करता येतं, त्या म्हणाल्या, त्या स्थितीला… मी हात वर केला. "नाव सांगू नका. ओळखलं." सगळ्यात लहान माप कोमट पाण्यातून काढून त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि सुरुवातीचं काम माझं मी केलं, माझ्या गतीनं. पुढे त्यांनी घेतलं. "खोका जरा," त्या म्हणाल्या. खोकताना आवळून धरता येत नाही, ही युक्ती.

मी पेशव्यांची नावं क्रमानं म्हणायला घेतली. बाळाजी विश्वनाथ. पहिला बाजीराव. नानासाहेब. थोरले माधवराव म्हणेपर्यंत ब्रश फिरूनसुद्धा झाला होता. नारायणरावापर्यंत जावं लागलं नाही ते बरं. त्याची ती शनिवारवाड्यातली हाक तोंडात तयारच होती.

दुखलं का? थोडं दुखलं. दाब आला, ब्रशाच्या वेळी ओटीपोटात एक बारीकशी कळ गेली. पण ती आत्ताची कळ होती, तिच्यामागे ट्रे पडला नाही.

कपडे चढवून खुर्चीत येऊन बसले तेव्हा डॉक्टर सहज म्हणाल्या, की एचपीव्हीच्या चाचणीसाठी हल्ली बाईला स्वतःच काडीनं नमुना घेता येतो, यंत्र नको, टेबल नको. जागतिक आरोग्य संघटनेनंही ते मान्य केलंय.

मी ताडकन उठले. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही फोनवर दर वेळी एवढंच सांगत होतात, की पाळी आलीय," त्या म्हणाल्या. "आणि तुमचे पैसे पॅपचे भरलेले होते."

रिपोर्ट व्यवस्थित आला. नवऱ्यानं फायलीतला रकाना निळ्या शाईनं भरला आणि त्या रात्री शांत झोपला.

मग सासूबाईंची पाळी. (या शब्दानं मला अजून दचकायला होतं.) त्यांनी नवीन साडी नेसली, नथ मात्र मी घालू दिली नाही. बाहेर बसल्या बसल्या त्यांनी शेजारच्या दोघींना स्वतःचं दुखणं, माझं दुखणं आणि कुल्फीचे साचे हे सगळं ऐकवून टाकलं, ते मूळव्याधीच्या सरांकडे आलेल्या आजोबांनाही दारातून ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. रघुनाथरावांनी ऐकलं असतं तर मासिकात जागा दिली असती. आजोबा लिफ्टकडे चालते झाले. डॉक्टरांनी मला आधी कल्पना दिली होती, की बहुतेक रिंग बसवून भागेल, शस्त्रक्रियेचं नंतर बघू. त्यांचा तो नियम मी सासूबाईंकडून घरी दोनदा घोकून घेतला होता.

त्या आत गेल्या. पडदा ओढल्याचा आवाज आला. एक क्षण गेला असेल नसेल, आणि आतून खणखणीत आवाज आला, "थांबा!"

"आजी," डॉक्टरांचा आवाज आला, "मी फक्त बीपीचा पट्टा बांधतेय."

"ते दिसतंय मला. मी आपलं चालतंय का ते बघितलं."